स्कुटीवरची मेंढी

५ जानेवारी, रविवार
मेंढ्या बेल्ह्याच्या बाजारात जाऊन दोन महिने झाले. त्यांच्या पैशातून माझी स्कुटी आली, नारायणगावच्या नोकरीसाठी. तेव्हापासून दादा, माझे वडील, ओट्यावर बसून असतात. बोलत नाहीत. मी ठीक आहे.
नवीन छंद: आंब्याच्या लाकडात मेंढी कोरणार. गॉगल लावून स्कुटी चालवणारी. दादा नक्की हसतील. दर रविवारी एक. वर्षाचा कळप बावन्न.

१२ जानेवारी
चाकूला धार लावली. हेही कामच आहे.

१९ जानेवारी
एक चाक लहान झालं, म्हणून दुसरं लहान केलं. मग पुन्हा पहिलं. आई म्हणाली, रोहिणे, मेंढी चाकावर बसवलीस का बटणावर? कलेत असं चालतं. सुधारित प्लॅन: महिन्याला एक.

२ फेब्रुवारी
गॉगल नाकासकट निघाला. उरलेल्या डोक्याचं हेल्मेट केलं. नियमाने तेच योग्य. कान बाहेर ठेवलेत.

९ फेब्रुवारी, सकाळी ७
आज कानाची खूण. आमच्या प्रत्येक मेंढीच्या कानाला दादा एक काप द्यायचे. शेजारच्या जालिंदरच्या कळपात शिरली तरी ओळखता यावी म्हणून. शाळेच्या आधी मेंढ्यांमागे हिंडताना दादांनीच मला मातीत काठीने अक्षरं शिकवली, आणि ही खूणही. डावा कान, वरून. विचारायची गरज नाही. शंभर टक्के.

दुपारी १
दादांना दाखवली. स्कुटीकडे पाहिलं नाही, हेल्मेटकडेही नाही. कान चाचपला आणि म्हणाले, ही तर जालिंदरची हाय.
तीन महिन्यांतलं पहिलं वाक्य. प्रगती म्हणता येईल.

दुपारी ३
मग उजवा कान, खालून. की मधोमध? दादा चार हातांवर बसले होते. विचारलं नाही. दोन्ही कान सारखे करता करता दोन्ही गेले.

१० फेब्रुवारी
कळप एक. पुरे. छंदात आकडे बघू नयेत. वाऱ्याने दार आपटतं म्हणून आईने मेंढी दाराला लावली. वजनाला लई बेस हाय म्हणाली. मला काही वाटलं नाही.
संध्याकाळी कामावरून आले तर मेंढी दाराशी नव्हती. दादांच्या खाटेजवळ होती. पुढ्यात मूठभर पाला. दादा हसत वगैरे नव्हते. विचारलं, दादा, कुणाची ही?
म्हणाले, कान नाय, कळायचं कसं? धनी येस्तवर ऱ्हाऊ दे.