ऑक्तावची सुरक्षित बदली

प्लोएश्ती, ३ जुलै १९१६
आमचं पंचांग युरोपच्या तेरा दिवस मागे, पण राजकारणात मी पुढे. सगळे देश दोन वर्षं एकमेकांच्या उरावर बसलेत, आपला रुमानिया तेवढा तटस्थ. तसाच राहणार. भिंतीवर नकाशा टांगला. टाचण्या स्मारांदाच्या शिवणाच्या डबीतल्या. बायको आहे, कुरकुरणारच.

२१ जुलै
तटस्थ राहील असं दिसत नाही. (मी ओळखलंच होतं.) लढाई ऑस्ट्रियाशी, म्हणजे डोंगरात. ऑक्तावची पलटण नेमकी तिथंच. एकुलता एक मुलगा.

२६ जुलै
सापडलं! डॅन्यूबकाठचं तुर्तुकाई. शेजारी बल्गेरिया. ती जर्मनीच्या गोटात खरी, पण तिला तुर्कांपासून सोडवलं रशियानं, आणि रशिया आपला दोस्त होणार. ती हलणार नाही. साधं लॉजिक. स्मारांदा म्हणाली, ते गाव तीन वर्षांपूर्वी आपण त्यांच्याकडूनच घेतलं ना? ज्याची गाय सोडून आणली, त्याच्याच कुंपणाला पोराला झोपवताय? तिला भूगोल कळत नाही. मी तो शिकवतो.

३० जुलै
कर्नलकडे दोन पुष्ट बदकं आणि प्लमच्या दारूची बुधली पोचली. ट्रान्सफर झाली. डोंगरात ऑक्तावच्या जागी पांदेले न्हाव्याचा पोरगा. वाईट वाटलं, पण जागा कुणीतरी भरायलाच हवी. ऑक्तावनं विचारलं, बाबा, तिथं करू काय? म्हटलं, काठावर बसून मासे धर.

१४ ऑगस्ट
युद्ध. फक्त ऑस्ट्रियाशी. अगदी माझ्या अंदाजाप्रमाणे. पांदेलेला तोंड दाखववेना. दाढी घरीच केली. हनुवटी कापली.

१९ ऑगस्ट, सकाळी
बल्गेरियानं युद्ध पुकारलं. जर्मनीला दाखवायला असं करावं लागतं. स्मारांदानं शिवणाची डबी मिटून फळीवर ठेवली. कुरकुरली असती तर बरं झालं असतं.

२१ ऑगस्ट
तुर्तुकाईवर तोफा. किल्ला भक्कम आहे, फ्रान्सच्या वर्दूनसारखा म्हणतात. रात्रभर झोप नाही. कॉफी कमी करायला हवी.

२६ ऑगस्ट
तुर्तुकाई पडलं. पुष्कळ कैद झाले, नदीकडे धावलेले बुडाले म्हणतात. ऑक्तावला पोहता येत नाही. लहानपणी मीच पाण्यात उतरू दिलं नाही. म्हटलं, उगाच धोका नको.

२८ ऑगस्ट
पांदेले आला, टोपी हातात. त्याच्या पोराची पलटण डोंगरापलीकडच्या ब्राशोव्ह शहरात वाजतगाजत शिरली. बाया पोरांना केक भरवतायत. मास्तर, ऑक्तावची जागा मिळाली म्हणून, म्हणाला. माझा हात सोडेना. मग त्यानं विचारलं, ऑक्तावला कुठं घातलंय?

मी नकाशाकडे वळलो. स्मारांदा चुलीपासून म्हणाली, ह्यांनी त्याला सुरक्षित जागी ठेवलंय.

तो गेल्यावर टाचण्या काढून तिच्या डबीत परत ठेवल्या. तुर्तुकाईची तेवढी निघेना.