मोडण्यासाठी बनवलेलं टेबल

तीर्थरूप जेनीताईस,

बफेलोहून धाकटा भाऊ नॉर्बर्ट याचा रागावलेला, तरीही कमरेत वाकून केलेला नमस्कार. फ्लोरिडाच्या उन्हात तुझे गुडघे बरे असतील आणि वेंडेल दाजी वेळच्या वेळी जेवत असतील अशी आशा करतो. इकडची खुशाली म्हणशील तर सरोवरावरून वारा सुटलाय, गॅरेजच्या कडीपर्यंत बर्फ साचलाय, आणि तुझ्या पत्राने माझं डोकं एवढं तापलंय की आत हीटर लावायची गरज उरलेली नाही.

तू लिहितेस, "नॉर्बर्ट, तुला जन्मात फक्त मोडता आलं." बरं. या दोन हातांनी काय काय बनवलं ते आता ऐक. तुझ्या जुन्या घरातली स्वयंपाकघराची कपाटं (ओकची, खिळा एकही नाही, लाकडात लाकूड बसवलेलं, नव्या मालकाने वर पांढरा रंग फासलाय, मी त्या रस्त्याने जाणं सोडलंय). चर्चमधल्या कबुलीजबाबाच्या खोपटीचं दार, जे पूर्वी असं करकरायचं की कोण किती वेळा पापं सांगून आलं हे अख्ख्या गल्लीला कळायचं. आईला शेवटच्या वर्षी न्हाणीघरात धरायला लावलेली दांडी. तेलाच्या पिंपाची मांस भाजायची भट्टी. चेट माझुरेकच्या मुलीच्या लग्नातला नाचायचा ओटा, ज्यावर चेटच्या तिन्ही बहिणी एकदम नाचल्या तरी तो हूं की चूं करत नव्हता. हे सगळं कुठल्या शाळेत पाय न ठेवता, लाकूड नासवत नासवत शिकलो. आणि शेवटी एक टेबल. होय, ते मोडतं. मोडण्यासाठीच बनवलंय. पण जे बेताने मोडतं ते बनवायला न मोडणाऱ्यापेक्षा दुप्पट अक्कल लागते, हे तुला कोण सांगणार?

तुझे आरोप मी नीट वाचले. मी लोकांची कंबरडी मोडायचा धंदा काढलाय हा एक. दाजींचं नाव टीव्हीवाल्यांना विकलं हा दुसरा. म्हणून हंगामाच्या शेवटच्या रविवारी दाजी इकडे येणार नाहीत आणि नाताळाला मी तुझ्या दारात यायचं नाही, ही शिक्षा. आणि जाता जाता, फोडणीत मोहरी टाकावी तसं, "तुमचा फुटबॉल दहा वर्षांत मरणार" हेही टाकलंस. मी शेवटापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर सोपं आहे.

मरणार नाही आपला हा, चेंडू हातात घेऊन एकमेकांच्या अंगावर जायचा फुटबॉल. पण त्याला मारायचा जो उद्योग चाललाय त्याने माझाही संताप होतो. आपल्या लहानपणी रविवार नावाचा एक वार होता. सकाळी चर्चमध्ये मिस्सा, मग आईचं रोस्ट, मग एक वाजता सामना. देवाने सहा दिवस काम केलं, सातव्या दिवशी आपला संघ हरला, आठवड्याला काही शिस्त होती. आता सोमवारी सामना, गुरुवारी सामना, थँक्सगिव्हिंगच्या मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी पोट धरून पडलेलं असताना सामना, नाताळाच्या दिवशी सामना. मध्यंतरी तर लंडनला जाऊन खेळले, म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेनऊ. मी ओटमील खात होतो आणि आपले हरत होते. माणसाला हरायच्या आधी जरा तयारीला वेळ लागतो की नाही? शिवाय प्रत्येक सामना वेगळ्या ॲपवर. वॉल्टकाकांनी (स्टेडियमसमोरचे, हिरवळीवर गाड्या लावू देतात तेच, वय ऐंशीच्या पुढे) कंटाळून 'आपलेच हरले' असा पासवर्ड ठेवला, तर फोन म्हणतो, हा कोणालाही सहज ओळखता येईल. आणि दर दोन मिनिटांनी एक दात दाखवणारा माणूस येतो आणि सांगतो, पुढचा चेंडू डावीकडे जाणार की उजवीकडे, लावा पैज! अरे बाबा, मला बघू दे तरी.

आता टेबलाकडे येतो. वॉल्टकाकांच्या अंगणात सामन्याआधी लोक गाडीच्या टपावरून घडीच्या टेबलावर उड्या मारतात हे तुला ठाऊक आहे. तुझ्या लग्नाच्या आधी तूही एकदा मारली होतीस (आईला मी अजून सांगितलेलं नाही, आणि आता सांगायचीही सोय नाही). का मारतात ते विचारू नये. लोक गुडघ्यांवर चर्चच्या पायऱ्या चढतात तेव्हा आपण विचारतो का? पण दुकानातल्या त्या प्लास्टिकच्या टेबलांना खाली लोखंडी पाय असतात. गेल्या वर्षी चेटने उडी मारली, टेबल शाबूत राहिलं, चेट मोडला. माकडहाड. हिवाळाभर बिचारा मधे भोक असलेल्या उशीवर बसायचा, मिस्सालासुद्धा उशी काखेत घेऊन यायचा, आणि पाद्रीबाबा प्रवचनात दुःखभोगाविषयी बोलले की सगळं चर्च त्याच्याकडे बघायचं. मला ते सहन झालं नाही. मी टेबल आखलं. वर पातळ प्लायवूड, त्याला खालून वीतभर अंतराने करवतीच्या खाचा, पाऊण जाडीपर्यंतच, केसभर जास्त नाही. पाय पाइनचे, लाकडी खुंट्यांवर, भार आला की बाहेरच्या बाजूला फाकणारे. लोखंड औषधालाही नाही. खाली फोमची जाड गादी.

पहिल्या रविवारी चेटलाच मान दिला. तो ट्रकच्या टपावर चढला, अंगण गोळा झालं, त्याने छातीवर क्रुसाची खूण केली आणि झेप घेतली. आणि ताई, आवाज आला 'फुस्स'. टेबल कसं मोडावं तर अगदी मी आखलं तसं मोडलं, पण अंगणात चिडीचूप.

चेट आडवा पडल्या पडल्या विचारतो, "नॉर्ब्या, मी पडलो का रे?"

"पडलास."

"मग मला कसं कळलं नाही?"

मागून कोणीतरी ओरडलं, "टेबल आहे की मावशीची मांडी?" आणि वॉल्टकाका बर्फात थुंकून म्हणाले, "लागणारच नसेल तर मारायची कशाला, पोरांनो?" बघ, तुझ्या चार पानी पत्राचा आणि टीव्हीवरच्या सगळ्या पंडितांचा वाद म्हाताऱ्याने एका वाक्यात मांडला. लागलं तर तुम्ही बोंबलता, नाही लागलं तर हे घरी जातात. मी कोणाचं ऐकायचं?

मी घरी आलो आणि संत्र्यांच्या खोक्यांच्या पातळ पट्ट्या भट्टीशेजारी खणखणीत वाळवून दोन थरांच्या मधे बसवल्या. पुढच्या रविवारी चेट पडला तो कडाड् असा आवाज झाला की पलीकडच्या घरातलं कुत्रं सोफ्याखाली गेलं ते सामना संपेपर्यंत बाहेर आलं नाही. चेट हात वर करून उठला. अंगण गरजलं. एक धिप्पाड दाढीवाला माणूस शहाजिरं लावलेल्या पावातलं बीफ हातात धरून ढसाढसा रडला. चेटला मुंगी चावल्याइतकंही लागलेलं नव्हतं. तेव्हा मी मोठ्या शहाणपणाने सगळ्यांना सांगत सुटलो, लोकांना दुखणं नको असतं, दुखल्याचा आवाज हवा असतो.

मग कॅमेरे आले. आणि ताई, तुझा दुसरा आरोप इथे सुटतो, लक्ष देऊन वाच. चेटच्या तोंडापुढे माइक धरल्यावर तो गाढव म्हणाला, "टेबल बनवणारा हा आपला नॉर्बर्ट, आणि याचे दाजी कोण आहेत ठाऊक आहे? वेंडेल टेट! नंबर अडुसष्ट! सात वर्षं आपल्या संघाच्या आघाडीच्या फळीत, चेंडू फेकणाऱ्यापुढे भिंतीसारखा उभा!" आणि कॅमेऱ्याला सलाम ठोकला. तुला फोन आले ते त्यानंतर. नाव चेटच्या तोंडून गेलं, माझ्या नाही. तो गाढव आहे, विकणारा नाही. माफी म्हणून त्याने तुला बटाट्याचं सारण भरलेल्या घरच्या पिरोगी पार्सल केल्यात. बर्फात न ठेवता पाठवल्यात, तेव्हा खाऊ नकोस, पण मिळाल्याचं कळव, तो रोज विचारतो.

पुढे काय झालं ते सांगतो, कारण ते वाचून तुला आनंद होईल. टेबल मोडणं टीव्हीवर सामन्याआधी दाखवलं, मधल्या सुट्टीत दाखवलं, सामन्यानंतर हळूहळू करून दाखवलं, ट्रकच्या जाहिरातीत दाखवलं. शुक्रवारच्या तळलेल्या माशाच्या जेवणाला गर्दी होईना म्हणून खुद्द पाद्रीबाबांनी एक टेबल मागितलं. एका बाईने उडी मारली, उठली, मैत्रिणीला विचारलं, "आलं का रेकॉर्ड? नाही? मग थांब, परत मारते." माझी पाठ करवतीवर वाकून वाकून धनुष्य झाली. आणि गेल्या रविवारी एका माणसाने उडी मारली, माझ्या हातचं आजवरचं सर्वांत देखणं टेबल, मधोमध सरळ रेषेत दुभंगलं, आवाज तर असा की वीज पडावी, आणि एकानेही मान वळवली नाही. ज्याने मारली तोच उठून फोन बघायला लागला. वॉल्टकाका गाड्यांचे पैसे घेत होते. मी फावड्याने तुकडे गोळा केले. अपमान त्याचा नव्हता, माझ्या खाचांचा होता.

तरीही फुटबॉल मरणार नाही असंच मी तुला लिहिणार होतो. नवी हेल्मेटं आहेत, मैदानाच्या कडेला डॉक्टर आहेत, नियम बदललेत, असे मुद्दे काढून ठेवले होते. आणि कारागिराने नुसतं ऐकीव बोलू नये म्हणून दाजींचं जुनं हेल्मेट, जे माझ्या गॅरेजात खुंटीवर आहे, खाली काढलं आणि आतलं अस्तर उचकटून पाहिलं. मोजपट्टी लावली. दोनदा लावली, कारण माझा विश्वास बसेना. ताई, चेटच्या बुडाखाली मी घातलेला फोम याच्या तिप्पट जाड आहे. सात वर्षं! समोरून दीडशे किलोचा गडी चेंडूगणिक डोकं घालतोय, आणि आत तेवढंसं. ज्या कोणी ते बनवलं त्याला माझ्या गॅरेजात झाडू मारायलाही ठेवणार नाही. टेबलाचा आवाज अख्ख्या अंगणाने ऐकला. दाजींच्या डोक्यात जे मोडत होतं त्याचा आवाज कोणाला आला नाही. आम्ही वर बसून टाळ्या वाजवत होतो, मोठा आवाज आमचाच होता.

असो. माझा राग गेलेला नाही. तो नेमका कोणावर आहे याची मोजमापं फक्त बदललीत. शेजारच्या काकूंना नमस्कार. उत्तर लिहायचं असेल तर लिही, नसेल तर लिहू नकोस, मी वाट बघणार नाही (टपाल इकडे अकराच्या सुमारास येतं).

तुझा भाऊ, ज्याला मोडण्याशिवायही काही येतं,
नॉर्बर्ट व्रोबेल

ता. क. फुटबॉल अमर आहे हे वर लिहिलंय ते तसंच राहू दे, मी खाडाखोड करत नसतो. पण पाचांपैकी चार ॲप बंद केलीत. पाचवं बंद कसं करायचं ते कळत नाही, म्हणून ते चालू आहे.

ता. क. २. शेवटच्या रविवारी दाजींना पाठव. स्टेडियमात नेत नाही. वॉल्टकाकांच्या अंगणात, भट्टीशेजारी, गाड्यांच्या आडोशाला बसवतो. खुर्ची बनवून तयार आहे: हात रुंद, पाठ उंच, डोक्याच्या दोन्ही बाजूंना टेकू. ती मोडत नाही, चेटच्या तिन्ही बहिणींना एकदम बसवून खात्री केलीय. कोणी फोन वर काढला तर चेट त्याच्यावर बसणार असं ठरलंय. तू आलीस तर तुझ्यासाठीही खुर्ची करतो, पण तसं आधी कळव, लाकूड वाळायला हवं. तुला सांगितलं नव्हतं: ऑगस्टमध्ये तुम्ही इकडे असताना मी दाजींना बाजाराला घेऊन गेलो होतो. तिथे एका बाईची ढकलगाडी धाडकन रॅकवर आदळली. दाजींनी मला झटकन मागे सारलं, माझ्याकडे पाठ करून गुडघे वाकवून उभे राहिले, दोन्ही हात पुढे, आणि मान न वळवता म्हणाले, "तू निवांत फेक, मी आहे." माझं नाव त्यांना त्या दिवशी सकाळपासून आठवत नव्हतं. मागे कोणीतरी आहे एवढं आठवत होतं. ती बाई गाडी घेऊन निघून जाईपर्यंत ते हलले नाहीत आणि मीही हललो नाही.

ता. क. ३. मी विकलं म्हणतेस, म्हणून हेही लिहून टाकतो आणि पाकीट चिकटवतो. त्या पैजांच्या ॲपवाल्या कंपनीचा माणूस गॅरेजात आला होता (बूट पुसून आला, हे कबूल करतो). गुरुवारचा सामना, कॅमेरे चालू, दाजी जुनी अडुसष्ट नंबरची जर्सी घालून वॉल्टकाकांच्या ट्रकवरून माझ्या टेबलावर उडी मारणार, असा बेत. मी म्हटलं, त्यांना कधी कधी गाव कुठलं हेही कळत नाही. तो म्हणाला, "तेच तर! लोक रडतील." मी विचारलं, डोक्याला काय घालणार? तो म्हणाला, हेल्मेट घातलं तर चेहरा दिसत नाही. त्याला दार दाखवलं, ते दारही मीच बनवलेलं आहे. उडीचे देत होते पंचवीस हजार डॉलर, आणि डोक्यावर काही न घालता मारली तर वर आणखी पाच.