संक्रांतीत सेंटर बंद ठेव

हैदराबाद,
९ जानेवारी

प्रिय स्वराज्यम अक्का,

तुम्हां दोघांना नमस्कार. दिवसभर कॉम्प्युटरच्या पोटात डोकं घालून बसणारा तुझा भाऊ कागदावर लिहितोय, म्हणून हसशील. हस. पत्राचं एक बरं असतं, ते उशिरा पोचतं.

तू तळून पाठवलेले संक्रांतीचे सकिनालू ऑफिसात बघता बघता संपले. भावजींचा गुडघा कसा आहे?

फोनवर म्हणालो तेच पुन्हा लिहितो. संक्रांतीत हनमकोंड्याचं स्कॅन सेंटर बंद ठेव आणि दोघं इकडे या. "पतंगापायी पोरं गच्चीवरून पडतात, नेमकं तेव्हाच बंद ठेवू? तुला झालंय तरी काय?" असं तू विचारलंस. झोप लागत नाही, एवढंच झालंय.

१० जानेवारी

पत्र आज पुरं करून टाकणार होतो, तेवढ्यात तुझा फोन आला. विणकर कोमुरय्याच्या मेंदूत सावली दिसली, सोमवारी ऑपरेशन आहे म्हणालीस. मी म्हणालो, पुन्हा स्कॅन करून घे. "तू कधीपासून डॉक्टर झालास रे?" यावर मी विषय बदलला. आता सांगतो.

तुझी स्कॅनची चित्रं जुळवणारा प्रोग्राम भाड्याच्या मशीनवर, म्हणजे दूरच्या एका मोठ्या कॉम्प्युटरवर चालतो. मशीन एकच, भाडेकरू अनेक, आणि प्रत्येकाला वाटतं ते आपल्या एकट्याचं. चित्रांचं काम करणाऱ्या कार्डाला पूर्वी प्रोग्रामच्या मेमरीतली माहिती नक्कल करून द्यावी लागायची. आमच्या कंपनीने नव्या चिपमध्ये कार्डाला त्या मेमरीचे पत्तेच देऊन टाकले. काम झपाट्याने व्हायला लागलं. तेव्हा तुला मिठाई पाठवली होती, आठवतं?

काम संपलं की कार्डाने ते पत्ते सोडायचे आणि मग ती जागा दुसऱ्याला द्यायची. आमच्या चिपमध्ये कार्ड "सोडले" असं आधी सांगतं आणि शेवटचा तुकडा नंतर लिहितं. तोवर तिथे दुसऱ्या कुणाचं तरी चित्र आलेलं असतं, आणि एकाचा तुकडा दुसऱ्याच्या चित्रात जाऊन बसतो. तुझं भाड्याचं मशीन आमच्याच चिपचं आहे.

दुरुस्ती सोळा तारखेला सगळीकडे एकदम पोचेल. तोवर घरातसुद्धा बोलायचं नाही, अशी आम्ही सही केली आहे. त्यात काही चूकही नाही. बोभाटा झाला तर लोकांच्या मेमरीत हात घालणारे चोर आधी पोचतील. म्हणून तर पत्राचा खटाटोप. सणाच्या गर्दीत टपाल रखडलं असतं, तुला सगळं कळलं असतं आणि माझा शब्दही राहिला असता. असा मी हुशार.

अक्का, सावली खरीही असेल. मग माझी नोकरी फुकट गेली म्हणायची. पण ती दुसऱ्याच कुणाची असली तर सोमवारी चांगल्या माणसाचं डोकं उघडतील, आणि मी इथे शब्द पाळत बसलेला असेन. मला फार भीती वाटते आहे.

पाकिटाला तिकीट लावलं होतं, पण टपालात टाकत नाही. दुपारच्या गाडीने स्वतःच घेऊन येतोय. फोनवर पुन्हा तोंड उघडणार नाही, मी स्वतःला ओळखतो.

वाचून झालं की आधी कोमुरय्याच्या घरी फोन लाव. त्याचं स्कॅन दुसऱ्या सेंटरवर करून घे, तुझ्याकडे नको. मी समोरच बसलेला असेन. मला काय बोलायचं ते त्यानंतर बोल.

शब्द मोडलेला, तुझाच,
फणींद्र