कायमचे बंद

४ फेब्रुवारी

चि. सौ. ठमीस,

अनेक आशीर्वाद. फोनवर मी ओरडतो असं तुझं म्हणणं, म्हणून हे पत्र. कागद ओरडत नाही. फक्त नीट वाच, चाळू नकोस.

तुझी वहिनी बरी आहे. तिने दुकानाच्या दाराला पिवळा रंग दिला, मला न विचारता. पण तो बघायला कुणी येईल तर ना! गेल्या एकोणतीस दिवसांत वजनकाटे दुरुस्तीला आले सात, त्यातले पाच शेजारपाजारचे. मागच्या वर्षी याच दिवसांत एकतीस आले होते. औषधवाला नाही, सोनार नाही, दवाखाना तर एकही नाही. मी हे काम कुणाच्या हाताखाली शिकलो नाही; मोडका काटा उघडायचा, जोडायचा, पुन्हा उघडायचा. त्यामुळे चूक गुरूच्या नावावर खपवायचीही सोय नाही. सत्तावीस वर्षांत असा दुष्काळ पाहिला नाही.

दोन वर्षांपूर्वी तू इंटरनेटवर आपल्या दुकानाची नोंद केलीस. दर महिन्याला किती जणांनी दुकान शोधलं, तो आकडा तुझ्याकडे येतो. जानेवारीचा कळव. ‘साधारण’ नको.

मेहुण्यांना सांग, माझा बारीक पेचकस त्यांच्याकडे राहून अकरा महिने झाले. आहे ती माया तशीच ठेव.

दादा

९ फेब्रुवारी

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. पत्र शब्दन्‌शब्द वाचलं. परीक्षा घेतलीस तरी पास होईन.

जानेवारीत बारा जणांनी शोधलं. मंदी सगळीकडेच आहे रे. काटा बिघडला की लोक सरळ नवा मागवतात, दोन दिवसांत घरपोच. तू मनाला लावून घेऊ नकोस.

एक विचारू? चिडू नकोस. डोळे शेवटचे कधी तपासलेस? वहिनी म्हणत होती, हल्ली पेपर हात लांब करून वाचतोस. बावन्नाव्या वर्षी माणसाने पसारा थोडा आवरला तर त्यात कमीपणा नाही. तुझ्याकडे एवढं ज्ञान आहे, चारजणांना शिकव. दवाखान्यांची नाजूक कामं तरी सोड.

पेचकस सापडला. हे म्हणतात, तो त्यांचाच आहे. तुम्ही दोघं बघून घ्या, मला मधे घेऊ नका. तुझा हात डोक्यावर राहू दे.

ठमी

२१ फेब्रुवारी

चि. सौ. ठमीस,

आशीर्वाद. अनेक नाहीत, आज एकच.

काल कोपऱ्यावरचा किराणावाला आला. दारात घुटमळला, आवाज खाली आणला आणि तुझ्या वहिनीला विचारलं की सगळं अचानक झालं का. तेवढ्यात मी टेबलाखालून वर आलो. बिचाऱ्याच्या हातातून काटा निसटता निसटता राहिला. मग त्याने सांगितलं. दोन महिने तो मुलीला फोनवर माझा नंबर शोधायला सांगतोय, आणि तिथे दुकानाच्या नावाखाली तांबड्या अक्षरांत लिहून येतंय, ‘कायमचे बंद’. म्हणून त्याने काटा दुसरीकडे दिला. त्या पठ्ठ्याने आणखी बिघडवला. तोच घेऊन तो इथून चालला होता, तर दुकानात दिवा दिसला. त्याने मला फोनवर दाखवलंसुद्धा. पिवळ्या दाराआड मी बसलोय, आणि जगाच्या लेखी मी नाही. माणूस आहे की गेला, हे आता गल्ली सांगत नाही. ती काच सांगते, आणि शेजारीसुद्धा तिच्यावर विश्वास ठेवतात.

मी त्याच्या मुलीलाच बोलावून नीट विचारलं. ती म्हणाली, असं बदलायला नोंदीची किल्ली लागते. ती किल्ली, म्हणजे तो पासवर्ड, एकाच माणसाकडे आहे. तिने आणखी एक सांगितलं. बंद दाखवलेल्या दुकानालाही शोधणारे शोधतातच आणि त्यांचा आकडाही येतो. तू आजवर साठाच्या खाली आकडा कधी कळवला नव्हतास; मग हे बारा कुठून आले?

मी आळ घेत नाही, विचारतोय. उत्तर पत्रानेच दे. फोन उचलणार नाही.

दादा

२६ फेब्रुवारी

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. मीच केलं. बारा हा आकडा मनचा. खरे त्रेसष्ट होते.

नोंदीत फोन नंबर माझा घातला होता, आठवतं? तूच म्हणालास, फालतू फोन मला नकोत. तर डिसेंबरच्या दहा तारखेला नदीकडच्या प्रसूतिगृहातून नर्सबाईंचा फोन आला. तू दुरुस्त केलेला बाळांचा काटा दोनशे ग्रॅमच्या वर जास्त दाखवतोय म्हणाल्या. एक बाळ अंगाला लागत नव्हतं आणि काट्यावर ठीक दिसत होतं. त्यांना शंका आली, म्हणून दुसऱ्या काट्यावर घातलं. बाळ सुखरूप आहे. पण दादा, मी तुला फोन लावला नाही. मी इंटरनेटवर शोधलं, काटा चुकला तर काय होतं, पन्नाशीनंतर डोळ्यांचं काय होतं. एक विचारलं तर त्या यंत्राने दहा भीत्या पुढ्यात वाढल्या: कोर्ट, तुरुंग, पेपरात नाव. त्यानंतर आठवडाभर माझ्या फोनवर डोळ्यांच्या ऑपरेशनच्या आणि वकिलांच्या जाहिराती येत होत्या. आपल्या घरातली गोष्ट साऱ्या बाजाराला कळल्यासारखं वाटलं. तुलाच तेवढी कळली नव्हती.

तुझे डोळे गेले असं मी धरून चालले. तुला कुठल्या तोंडाने सांगणार? तू जन्मात कधी चुकला नाहीस. नर्सबाईंना सांगितलं, दुकान बंद झालं, दुसरा माणूस बघा. आणि मग ते खरं करून टाकलं. वाटलं, काम आपोआप कमी होईल, तुला मंदीच वाटेल, अब्रू शाबूत राहील. वहिनीला यातलं काही माहीत नाही.

आजच उघडते. तुला हवं ते बोल, पण बोल. पाठ फिरवू नकोस.

ठमी

५ मार्च

चि. सौ. ठमीस,

आशीर्वाद.

पत्र मिळालं त्याच दिवशी प्रसूतिगृहात गेलो. माझा काटा त्यांनी कपाटाच्या मागे सारून ठेवला होता. वजनं लावून तपासला. एक ग्रॅमचाही फरक नाही. मग नर्सबाईंनी त्यावर बाळाची गादी घातली, रोज घालतात तशी. दोनशे वीस ग्रॅम. मी शून्य जुळवलं त्या दिवशी गादी धुवायला गेली होती. मी कुठेही शून्य लावण्याआधी विचारतो, ताटात रोज काय असतं. त्या दिवशी विचारलं नाही. डोळे ठणठणीत आहेत, हातही. चुकलो तो मी. दुरुस्तीला चार मिनिटं लागली.

चार मिनिटं, ठमे. दहा डिसेंबरला सांगितलं असतंस तर अकराला सकाळी झालं असतं. हा काटा दुरुस्त केला त्याच महिन्यात असेच आणखी दोन काटे दुसऱ्या दवाखान्यांना दिले होते. तेही गाद्यांसकट तपासून आलो. ते बरोबर निघाले. न निघते तर? अडीच महिने त्या काट्यांवर रोज बाळं ठेवली जात होती, आणि तू माझी अब्रू सांभाळत होतीस.

दुकान बंद दाखवलंस, ते मी विसरेन. गिऱ्हाइकं परत येतील, काही येणारही नाहीत. पण तू मला तक्रार दिली नाहीस आणि आकडा खोटा दिलास. मी आयुष्यभर लोकांचे काटे सरळ करत आलो, आणि माझ्याच बहिणीने मला खोट्या काट्यावर बसवलं, मायेने. शत्रूने केलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

नर्सबाईंना मीच विनंती केली. त्यांनी आपल्या दुकानाच्या नोंदीखाली सगळ्यांना दिसेल असं लिहिलंय: चूक काय होती, किती ग्रॅमची, किती दिवस राहिली, कुणाची. तिथे किल्लीशिवायही कुणालाही लिहिता येतं; खाली मी माझं उत्तर किराणावाल्याच्या मुलीकडून घालून घेतलं: ‘खरं आहे.’ दुकान शोधणाऱ्याला आता आधी तेच दिसेल. दिसू दे.

तू किल्ली पाठवून दे. फोन नंबर माझा घातला जाईल. फालतू फोनही मीच घेईन. दुकान बंद व्हायची वेळ आली तर ते दोन शब्द मी माझ्या हाताने लिहीन.

मुलांना पापे. मेहुण्यांना पेचकस ठेवून घ्यायला सांग. तुझ्यावर लोभ आहे; किती उरलाय ते आत्ता मोजता येत नाही, आणि अंदाजाने सांगायची मला सवय नाही.

दादा