अर्वेल खोऱ्याची सदतीस मतं

तालवेन, अर्वेल खोरं, वेल्स
रविवार, ९ जून २०२४

प्रिय इद्वल,

तुझं नाताळचं कार्ड अर्धं जग ओलांडून जानेवारीत पोचलं आणि उत्तर लिहायला मला जून उजाडला. हेदरवहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असेल अशी आशा आहे. माझा नवा गुडघा झकास चालतो. जुना त्याच्यावर जळतो, एवढंच. इकडे गवत कापणीला आलंय आणि पाऊस काही हटत नाही. आपलं चॅपल विकलं गेलं. मँचेस्टरच्या एका जोडप्यानं घेतलं. बाबा ज्या बाकावर प्रार्थनेला बसायचे तिथे आता त्यांचा फ्रीज आहे. माणसं मात्र चांगली आहेत, मला बघायला बोलावलं होतं.

खरी बातमी वेगळीच आहे. आपला मतदारसंघ संपला. पुनर्रचनेत अर्वेल खोऱ्याचे तीन तुकडे झाले आणि तिन्ही शेजाऱ्यांना वाटून टाकले. पुढच्या महिन्यात मतदान आहे, पण मतपत्रिकेवर आपलं नाव नाही. आपल्या पोस्टमनचा, 'हफ पोस्ट'चा नातू परवा म्हणाला, "नर्सबाई, आता आपण नेमके कुठले?" मी म्हटलं, "तू पोस्टाचा आणि मी अर्वेलची. सरकारनं नकाशा बदललाय, मी नाही बदलले."

या निमित्तानं इथल्या इतिहास मंडळानं मतदारसंघाच्या निवडणुकांवर एक पुस्तिका काढायचं ठरवलंय. संपादक आहे गेरेन्ट. आठवतो ना? तुझ्या वर्गात खिडकीबाहेर बघायचा म्हणून तू त्याला उभा करायचास. आता तो निवृत्त झालाय आणि तंबी मला देतो.

पहिलं प्रकरण आपल्या पणजोबांवरच आहे. १८६८ साल. तेव्हा मत गुप्त नव्हतं, टेबलासमोर उभं राहून मोठ्यानं सांगावं लागायचं, आणि बाजूच्या खुर्चीत जमीनदाराचा कारभारी बसलेला. घरात सांगत आले तसंच मी लिहून दिलंय. कारभारी म्हणाला, "एडवर्ड, थंडी फार आहे यंदा. डोक्यावर छप्पर आहे ना?" पणजोबा म्हणाले, "आज आहे. लिहून घ्या, माझं मत उदारमतवाद्याला." वसंतात शेत सोडायची नोटीस आली. बायको, चार मुलं आणि एक गाय घेऊन ते डोंगरावर, पाटीच्या दगडाच्या खाणीवर कामाला आले. आपण खाणवाले झालो ते असे, एका मतापायी. गेरेन्टला मंडळाच्या दप्तरात त्या नोटिशीची नक्कल सापडली. म्हणजे घरातली गोष्ट नुसती गोष्ट नव्हती. मी ती नक्कल हातात घेतली तेव्हा, खरं सांगते, गुडघ्याची आठवणही न होता ताठ उभी राहिले.

दुसऱ्या प्रकरणात आजी आहे. १९१८ च्या डिसेंबरात तिशीपुढच्या बायकांना पहिल्यांदा मत देता आलं. आजी चॅपलची काळी टोपी घालून सहा मैल गारठ्यातून चालत गेली. टेबलावरच्या माणसानं विचारलं, "बाई, वय तीस पूर्ण आहे का?" आजी म्हणाली, "सात बाळंतपणं झाली, मोजून घ्या." ही गोष्ट गेरेन्टला इतकी आवडली, की तो ती मलाच पुन्हा पुन्हा सांगतो.

मग मजूर पक्षाची राजवट. चौऱ्याहत्तर साल उजाडेपर्यंत पंचेचाळीस वर्षं एकच पक्ष. बाबा त्यांच्या उमेदवाराचे निवडणूक प्रतिनिधी होते, खाणीतून थेट प्रचाराला, केसांतली धूळसुद्धा न झटकता. विरोधक म्हणायचे, अर्वेलमध्ये लाल पट्टी बांधून मेंढी उभी केली तरी निवडून येईल. बाबा म्हणायचे, "मेंढी आधी युनियनची सभासद पाहिजे."

गेरेन्टनं चौऱ्याहत्तरचं प्रकरण मला लिहायला दिलंय. "तुम्ही तिथे होतात, नर्सबाई. आता तिथे असलेलं गावात दुसरं कोणी उरलं नाही."

मी ते चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं. मध्येच उठून चहा केला, खिडक्या पुसल्या, हे पत्र सुरू केलं. आणि हे बघ, इथेसुद्धा दोन पानं मी चॅपल आणि मेंढ्यांवर काढली.

तू वेल्सच्या पक्षाकडून, म्हणजे बाबांच्या मजूर पक्षाविरुद्ध, उभा राहिलास तेव्हा बाबांनी आठवडाभर तुझ्याशी बोलणं टाकलं, मग एकदा जेवताना म्हणाले, "पडशील, पण चांगला पडशील." मी कुणाच्या बाजूची होते ते तुला माहीत आहे. दिवसभर आजाऱ्यांच्या घरी फिरायचे आणि औषधांच्या पिशवीतून तुझी पत्रकं वाटायचे. मला तू जिंकायला हवा होतास. इतकं दुसरं काहीच मी आयुष्यात मागितलं नाही.

मतमोजणी शुक्रवारी सकाळी, अबरवेलच्या बाजारमंडईत. मी तुझी मोजणी प्रतिनिधी म्हणून चौथ्या टेबलाशी. आपण फक्त बघायचं, हात लावायचा नाही. दुपारी पहिली मोजणी संपली आणि तू एकसष्ट मतांनी पुढे होतास. तो आवाज मला अजून ऐकू येतो. मंडईतल्या कोबीवाल्या बायकासुद्धा ओरडत होत्या. बाबांनी फेरमोजणी मागितली, तो त्यांचा हक्क होता. तू बाहेर पायऱ्यांवर गेलास, लोकांनी तुला खांद्यावर घेतलं होतं.

फेरमोजणीत टेबलावरची बाई, बँकेतली मिस पॅरी, तुझ्या पन्नास-पन्नासच्या जुड्या न उघडता नुसत्या मोजत होती. एक जुडी तिच्या हातातून जरा तिरपी झाली. वरची मतपत्रिका तुझी होती. तिच्याखालच्या दोन-तीन पत्रिकांच्या कडा उचलल्या गेल्या आणि मला फुल्या दिसल्या. तुझ्या नावासमोर नव्हत्या.

इद्वल, ते मी पाहिलं. दुसऱ्या कुणीच पाहिलं नाही. समोरचा मजूर पक्षाचा पोरगा सँडविच खात होता. बाबा दोन हातांच्या अंतरावर उभे होते, पण त्यांची नजर तेव्हाच अधू झालेली. मिस पॅरीनं रबर लावलं आणि जुडी तुझ्या ढिगावर ठेवली. मला फक्त गप्प उभं राहायचं होतं. बाहेर लोक आपल्या वेल्श भाषेत गात होते आणि आत मी तुझी बहीण होते.

मी वाकून म्हणाले, "मिस पॅरी, ती जुडी खालपर्यंत बघा."

तिनं पाहिली. तिनं हात वर केला, मग अधिकारी आले, दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी आले, सगळ्यांदेखत जुडी उघडली गेली. एक मत तुझं आणि एकोणपन्नास मजूर पक्षाची. आदल्या मोजणीत घाईत चुकीच्या ढिगावर गेलेली. तिसरी मोजणी झाली. तू सदतीस मतांनी पडलास.

कुणाच्या लक्षात आलं, हे कुणी विचारलंच नाही. बाबा त्या टेबलाशी उभे होते, तेवढंच लोकांनी पाहिलं. आणि तू आत येऊन सगळ्यांसमोर बाबांना म्हणालास, "पन्नास वर्षं चॅपलमध्ये डोकं टेकवून शेवटी चोरी केलीत. पोटच्या पोराची जुडी बदललीत."

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. बाबांनी माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की चार दिवस निळं होतं. आणि ते तुला एक शब्दही बोलले नाहीत.

घरी जाताना बसमध्ये मी रडत म्हटलं, "मी उद्या सांगते त्याला." ते म्हणाले, "काय सांगशील? बहिणीनं पाडलं म्हणून? तो मला सोडून जायचा तो जाईलच. तुला कशाला सोडावं त्यानं? पडलो तर परदेशी जाईन म्हणतच होता, आणि परदेशात माणसाला एक तरी पत्र लिहायला घर लागतं." मी विचारलं, "तुम्ही पाहिली होतीत का ती जुडी?" ते म्हणाले, "मला कुठली जुडी दिसतेय, पोरी. मला तुझा चेहरा दिसला. तू आता बोलणार, हे मला तुझ्याआधी कळलं."

मग खोकले. धुळीचा तो खोकला. तो थांबल्यावर म्हणाले, "एडवर्डच्या घरातली आहेस."

त्यांनी पंधरा वर्षं 'चोर' हा शब्द वागवला. चॅपलमधल्या काहींनी त्यांच्याशी हात मिळवणं बंद केलं. ब्रेड आणायला गेले की बेव्हन बेकरीवाला मुद्दाम म्हणायचा, "मोजून घ्या हं, तुम्हाला मोजता येतं." ते मोजायचे, "बरोबर आहे" म्हणायचे आणि टोपी उचलून बाहेर पडायचे. शेवटच्या वर्षी श्वास पुरेनासा झाला तेव्हा मीच त्यांची नर्स होते. तुझं कार्ड आलं की मी मोठ्यानं वाचायचे. त्यात त्यांचं नाव कधीच नसायचं. ते विचारायचे, "हवा कशी आहे म्हणतो तिकडची?"

ते असेपर्यंत मी त्यांच्या शब्दाखातर गप्प राहिले. ते गेल्यावरची पस्तीस वर्षं मात्र माझी. तू दफनाला आला नाहीस, आणि तरीही मी लिहिलं नाही. मला भीती वाटली, की वर्षाचं ते एक कार्डही बंद होईल. जुडीबद्दल मी तुझी क्षमा मागत नाही. त्या जुडीचा मला अभिमान आहे, तेव्हाही होता, हुंदके देत होते तेव्हाही. क्षमा या पस्तीस वर्षांची मागते.

एक मात्र ऐक. सत्त्याऐंशी साली एलुनेडनं तुझ्याच पक्षाकडून ही जागा जिंकली. तुझी पत्रकं वाटणारी ती लांब वेणीची पोर. अकराशे मतांनी, एकाही फेरमोजणीशिवाय. बाबा खिडकीत बसून रेडिओ ऐकत होते. त्यांचा पक्ष हरला आणि ते म्हणाले, "हे इद्वलचं पीक आहे. लावलं त्यानं, कापलं हिनं." हे तुला तेव्हाच कळायला हवं होतं.

गेरेन्टला मी हे सगळं नावानिशी छापायला देणार आहे. बाबांचं नाव स्वच्छ झाल्याशिवाय या मतदारसंघाची वही मी मिटू देणार नाही. तुला विचारत नाहीये, कळवतेय. पण ते छापून आल्यावर तुला परक्याकडून समजू नये, एवढंच.

तुझी, आणि त्यांचीही,
नेस्ता


डनीडिन
२ जुलै २०२४

नेस्ता,

तुझं पत्र मिळून सहा दिवस झाले. पहिले दोन दिवस मी ते हेदरलाही दाखवलं नाही. तिसऱ्या दिवशी इतका चिडलो, की बागेतली चांगली जिवंत गुलाबाची फांदी छाटून टाकली. हेदर म्हणाली, "कुणावर राग आहे ते ठरव आणि मग कात्री घे." ठरवायला बसलो, तर नाव एकच निघालं, आणि ते तुझं नव्हतं.

माझ्या मुलांना मी सांगत आलोय, की त्यांच्या आजोबांनी मला लुबाडलं. काल दोघांनाही फोन करून बोलावलं. मुलगा पन्नाशीला आलाय. त्यांच्यासमोर तुझं पत्र इंग्रजीत करून वाचलं. बसमधल्या बोलण्यापासून पुढचं मुलीनं वाचलं. वाचून झाल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, पंधरा वर्षं त्यांनी एकदाही स्वतःची बाजू मांडली नाही?" मी म्हटलं, "नाही. एकदाही नाही." तो म्हणाला, "असा आजोबा होता, आणि आम्हाला आत्ता सांगताय." पण त्याचा चेहरा उजळला होता, ते मी पाहिलं. त्याला चोराचा नातू म्हणून वाढवलं होतं मी.

तू गप्प राहिलीस त्याबद्दल लिहिलंस. तू सांगितलं असतंस, तर मी तुझं कार्ड बंद केलं असतं का? हो, केलं असतं. तेव्हाचा मी तसाच होतो. बाबांनी मला बरोबर ओळखलं होतं.

आणि त्या दिवशी तू बोलली नसतीस तर मी पार्लमेंटात बसलो असतो, दुसऱ्याच्या एकोणपन्नास मतांवर. पणजोबांनी घर गमावलं, ते यासाठी नव्हे.

छाप. माझं नाव, मी मंडईत उच्चारलेलं ते वाक्य, सगळं जसंच्या तसं छाप, त्यातला एक शब्दही मऊ करू नकोस. गेरेन्टला सांग, खिडकीबाहेर बघत बसू नको, मुद्रितं नीट तपास. पंचवीस प्रती इकडे पाठव. सप्टेंबरात मी आणि मुलगा येतोय, तिकिटं काढली. मला बाबांच्या थडग्याच्या दगडाशी उभं राहून एक वाक्य परत घ्यायचंय. ते मोठ्यानं बोललो होतो, परतही मोठ्यानंच घेईन. बेव्हनच्या घरचं कोणी उरलं असेल तर त्यांनाही बोलाव.

सदतीस मतांनी, रीतसर पडलेला,
तुझा भाऊ
इद्वल