पट्टीवर घातलेलं नाव

६ जानेवारी १९९७, बारामती
नव्या वर्षाचा संकल्प: नागेशचा हेवा करायचा नाही. आमच्या कॉलेजात तोही शिकवतो, पण मला ज्युनिअर. भिगवणला मासे आणायला गेला आणि शिंपले घेऊन आला. आता म्हणे शिंपल्यात असतात तसे थरावर थर देऊन धातूची पट्टी करणार. भेग पडली तरी थरात अडकते. प्रिन्सिपॉल खूश. मासे आम्हीही खातो.

९ जानेवारी
बंगलोरच्या कॉन्फरन्सला आम्हा दोघांपैकी एकालाच पाठवणार. ज्याची पट्टी वाकवण्याच्या टेस्टमध्ये टिकेल, तो. संकल्प तूर्त स्थगित.

१४ जानेवारी, इंदापूर
संक्रांतीला सासुरवाडी. उसात उभा असताना सुचलं. ऊस वाऱ्याने वाकतो, पण मोडत नाही, कारण आत धागे. म्हणजे ॲल्युमिनियममध्ये पोलादी तारा! शिंपल्यापेक्षा ऊस केव्हाही उंच. सासरे, रामहरी आबा, बांधावरून ओरडले, "जावईबापू, ऊस काय पळून जात न्हाय. गुळपोळ्या गार व्हत्यात."

२० जानेवारी
फाउंड्रीतून पट्टी आली. देखणी. बायकोला दाखवली. स्वरूपा म्हणाली, छान आहे, नागेशभाऊजींचीपण अशीच आहे का? जेवलो नाही. नंतर थोडं जेवलो.

२२ जानेवारी
दोघांच्या पट्ट्या लॅबच्या एकाच कपाटात. नागेशने अदलाबदल केली तर? भांड्यांच्या दुकानात जाऊन पट्टीवर नाव घालून घेतलं. मधोमध, ठसठशीत, खोल: प्रा. सर्जेराव. दुकानदाराने विचारलं, "खाली 'सप्रेम भेट' टाकू का?" नागेशच्या पट्टीवर नुसता खडू.

२३ जानेवारी
नागेश म्हणाला, "सर, नावाची बाजू वर ठिवा. ताण खालच्या अंगाला येतो, कोरल्याली खाच तितं आली तर भेग तितनंच धरती." वर ठेवली तर मशीनचा दाबणारा रूळ नावावरच बसणार, मग दिसणार काय? जळतो बिचारा. नाव खालीच ठेवणार. पुढच्या खुर्चीतून तेच दिसतं, बसून पाहिलं.

२७ जानेवारी
टेस्ट झाली. नागेशची पट्टी कुरकुरली, वाकली, मोडली नाही.

माझी सुरुवातीला फार भक्कम होती, हे नोंदवून ठेवतो. मग खाडकन आवाज. भेग बरोबर नावातून. एक तुकडा प्रिन्सिपॉलांच्या पायाशी जाऊन पडला. त्यांनी तो उचलून पाहिला. पट्टी कोणाची, हे त्यांना विचारावं लागलं नाही.

नागेश बंगलोरला चालला. जाताना दोन्ही तुकडे जुळवून माझ्या हातात दिले. म्हणाला, "सर, नाव मातर लई सुरेख घातलंय."