हॉलमधला खिळा

२४ मे २००४, शिनोली
सहल नक्की. मनाली, रोहतांग, बर्फ. आम्ही दोघं, आमची प्रांजल, आणि नारायणगावचे गेणभाऊ-ठकूबाई. गेणभाऊ ह्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. ह्यांना विचारलं, येणार ना. काही बोलले नाहीत, म्हणजे हो.
टीव्हीच्या वरती खिळा ठोकून घेतला. बर्फातला आमचा दोघांचा फोटो मोठा करून तिथे लावायचा.
संकल्प : सहलीत मेंढरांचा विषय काढायचा नाही.

२५ मे
तसा विषय उरलेलाच नाही. गेल्या दिवाळीत बंगल्याचा स्लॅब टाकायच्या वेळी मेंढरं विकली. दोघांच्या विचाराने. म्हणजे विचार मी मांडला, हे गप्प बसले. तेव्हापासून जरा कमी बोलतात. पित्त असणार. झोपतातही बाहेर ओट्यावर, नव्या घरात उकडतं म्हणून. जानेवारीतसुद्धा उकडत होतं.
जन्मात कधी सुट्टी घेतलेली नाही, त्याचा हा थकवा. थंड हवेत गेले की बोलायला लागतील. मला माझा माणूस माहीत आहे.

३० मे, दिल्लीची गाडी
ठकूबाईने स्टो, बाजरीचं पीठ आणि ठेच्याची बरणी आणली आहे. मी तिला म्हटलं, माणसाने जिथे जावं तिथलं खावं. दुपारी तिच्याच भाकरी खाल्ल्या. रात्रीही.
ह्यांना खिडकी दिली. दिवसभर बाहेर बघत होते. गेणभाऊंनी विचारलं काय बघतोस, तर म्हणाले, गवत वाळलंय समदं.
म्हणजे रमले.

२ जून, मनाली
ह्यांना स्वेटर घेतला, मरून रंगाचा, उंची. हे म्हणाले, घोंगडी हाय की. मी म्हटलं, इथे घोंगडीला लोक हसतील. मग आत स्वेटर आणि वर घोंगडी घेऊन बाजारातून फिरले. कुणी हसलं नाही. हसले ते गेणभाऊ, पण ते सगळ्यालाच हसतात. डोंगरावर उतरलेले ढग बघून मला म्हणाले, "वैनी, ढग काय, आपल्या आहुप्याच्या घाटातबी हायेत. पन तिथं पार्किंग फुकाट."
उद्या रोहतांग. उद्या फोटो.

३ जून
पहाटे निघालो. वाटेत सगळ्यांनी लोकरी कोट आणि गमबूट भाड्याने घेतले. माझे दोन्ही बूट डाव्या पायाचे निघाले. पुढे गाड्यांची रांग. बर्फ लांबून पांढरा आहे, जवळ गेलं की घोड्यांच्या लिदीने माखलेला. तरी स्वच्छ जागा मीच शोधली. ह्यांना शेजारी उभं केलं, दंडाला धरलं, प्रांजलच्या कॅमेऱ्याकडे बघा म्हटलं.
प्रांजलने बटण दाबलं, तेवढ्यात खालून मेंढरं आली.
ड्रायव्हर म्हणाला, हे गद्दी, इथले मेंढपाळ, उन्हाळ्यात कळप घेऊन खिंडीपलीकडे जातात. मी म्हटलं, बरं, जाऊ देत. बघते तर माझ्या हातात नुसती हवा.
हे उतारावर जाऊन उभे होते आणि जिभेने मेंढरांना बोलवायचा तो आवाज काढत होते. दिवाळीपासून मी तो ऐकला नव्हता. मेंढरांनी माना वळवल्या. तिथल्या मेंढरांना आपलं काही कळतं असं नाही, डोंगरात आवाज घुमतो.
एका म्हाताऱ्या गद्द्याने आपल्या अंगरख्यातून नुकतं जन्मलेलं कोकरू काढून ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी ते भाड्याच्या कोटात घातलं. मग दोघं दगडावर बसून बोलत राहिले. ह्यांना हिंदी येत नाही, त्याला मराठी. काय बोलत होते कोण जाणे. आमच्या घरी तर भाषा एकच आहे.
मी हाक मारायला पुढे झाले. दोन्ही बूट डाव्या पायाचे, धड चालता येईना. प्रांजलने हात धरला.
"आई, नको बोलवू त्यांना."
वारं फार झोंबत होतं. ह्यांच्या डोळ्यांतून सारखं पाणी. तिथे सगळ्यांच्याच येतं. माझ्याही आलं.
उतरताना कोट परत द्यायला तयारच नव्हते. छातीशी नाक खुपसून बसले होते. कोट इतका आवडला हे आधी कळलं असतं तर स्वेटर घेतला नसता.

४ जून
सकाळी चहाला आपण होऊन माझ्याशी बोलले. "कोकरू पायानं अधू व्हतं. पन जगंल."
दिवाळीपासूनचं, न विचारता आलेलं हे पहिलं वाक्य. सहल यशस्वी. मी म्हटलंच होतं, थकवा होता.

१४ जून, शिनोली
ह्यांचे चुलतभाऊ सावळेराम कोकणातून मेंढरं घेऊन घाट चढून आलेत. गावाबाहेरच्या पडीक रानात उतरलेत. हे सकाळीच भेटायला गेले. दुपारी आले ते घोंगडी आणि काठी घ्यायला. मी स्वेटर पुढे केला. हे म्हणाले, "ऱ्हाऊ दे, भिमे. काट्याकुट्यात उसवंल." मग दारात थांबून, "थकल्यात मेंढरं. पुढं पोचवून येतो."
पोचवून येतो म्हणाले. म्हणजे येणार. भाकरी बांधून दिल्या. येईपर्यंत हॉलला पडदे करून घ्यायचे.

२० जून
पाऊस आहे. पावसात मेंढरं हळू चालतात.

८ जुलै
पडदे झाले. स्वेटर डांबराच्या गोळ्या घालून कपाटात ठेवला. सावळेरामांनी जीपवाल्याकडे ह्यांचा निरोप धाडला : बिरदेव मजेत हाय, लई बोलतो, काळजी करू नका.
गेणभाऊ आले होते. ठकूबाईही. कुणी काही विचारलं नाही. चहा घेतला आणि लवकर गेले.

१५ जुलै
नारायणगावहून फोटो मोठा होऊन आला. खिळ्यावर लावला. माझा हात ह्यांच्या दंडावर आहे. मागे बर्फ स्वच्छ आला आहे. शेजारच्या बाया म्हणाल्या, जोडा छान दिसतो, दादा किती हसताहेत.
हसताहेत खरे. मान माझ्याकडे नाही, कॅमेऱ्याकडेही नाही, खाली उताराकडे आहे. कशाकडे बघून हसताहेत ते फोटोत आलेलं नाही. बायांनी विचारलं.
मी म्हटलं, माहीत नाही.